रहाटाला वंगण, विहीर तेवढीच खोल

माझ्या पीएचडीच्या दुसऱ्या वहीत एका पानावर ९.१ हा आकडा आहे. लाल पेनाने दोनदा अधोरेखित, शेजारी उद्गारचिन्ह. त्याच्या खाली दोन दिवसांनंतरची तारीख आणि पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेला एकच शब्द: गळती.

परवा जुनी खोकी आवरताना ही वही सापडली आणि आवरणं तिथेच थांबलं. एवीतेवी कुणी ना कुणी मला विचारतंच, की तू इतकी वर्षं नक्की काय करत होतीस? "घन पदार्थात हायड्रोजन साठवत होते" असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: किती मावतो? मीही सुरुवातीला हाच प्रश्न घेऊन आले होते. तो चुकीचा नाही, पण दुय्यम आहे हे कळायला मला त्या ९.१ने पहिला धक्का द्यावा लागला.

नमुना होता मॅग्नेशियम हायड्राइडचा, म्हणजे हायड्रोजन पोटात घेतलेल्या मॅग्नेशियमचा. उत्प्रेरक म्हणून वजनाने पाच टक्के नायोबियम ऑक्साइड घालून बॉल मिलमध्ये (गोळ्यांनी दळायच्या यंत्रात) वीस तास दळलेला. वीस तास म्हणजे प्रत्यक्षात चाळीस, कारण पंधरा मिनिटं यंत्र चालवायचं आणि पंधरा मिनिटं थंड होऊ द्यायचं. पुडीच्या दहापट वजनाचे पोलादी गोळे त्या भांड्यात आपटत राहतात. आवाज असा, की त्या खोलीत कुणी टेबल मागत नसे. गोळ्यांचं थोडं लोखंड झिजून पुडीत उतरतंच. लोखंडही हायड्रोजनला मदत करतं, त्यामुळे पेपरात "उत्प्रेरक न घातलेला नमुना" असं वाचलं की मी जरा हसते.

भरणं-काढणं सगळं ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे आर्गॉन वायूने भरलेल्या बंद पेटीत. हात जाड रबरी मोज्यांत अडकले की नेमकी नाकालाच खाज सुटते, हा निसर्गनियम मी तिथे शिकले. दुसरा धडा त्याहून महाग पडला असता. भांडं पुसलेला टिश्यूपेपर मी एकदा सवयीने बाहेर कचऱ्यात टाकला आणि मिनिटभरात त्यातून धूर यायला लागला. इतकी बारीक दळलेली मॅग्नेशियमची पूड हवेला भेटली की वाट बघत बसत नाही.

ते ९.१ म्हणजे नमुन्याने घेतलेला हायड्रोजन, वजनाच्या टक्क्यांत. आता ९.१ अशक्य का, ते बघा. मॅग्नेशियमच्या एका अणूला हायड्रोजनचे दोन अणू चिकटतात. मॅग्नेशियमचं अणुभारात वजन २४.३, दोन हायड्रोजनचं मिळून साधारण २. म्हणजे शंभर ग्रॅम हायड्राइडमध्ये ७.६ ग्रॅम हायड्रोजन, आणि हे गणित बदलायला निसर्ग तयार नाही. माझ्या नमुन्यात पाच टक्के ऑक्साइड, ते काही साठवत नाही. म्हणजे कमाल मर्यादा ७.२च्या आसपास. आणि मी ९.१ बघून नाचत होते. नायोबियमच्या पृष्ठभागावर काहीतरी नवीनच घडतंय असा एक सिद्धांतही रात्रीतून तयार झाला होता.

माझ्या सीनिअरने वही बाजूला ठेवली आणि फक्त आलेख मागितला. म्हणाली, "हा सपाट का होत नाहीये गं?"

आम्ही मोजायचो सिव्हर्ट्सच्या पद्धतीने. कल्पना इतकी साधी, की त्यात एवढे खड्डे असतील असं वाटत नाही. माहीत असलेल्या आकारमानाच्या भांड्यात माहीत असलेल्या दाबाचा हायड्रोजन घ्यायचा आणि नमुन्याकडची झडप उघडायची. वायू पसरल्यामुळे दाब किती उतरायला हवा हे आधीच काढलेलं असतं. त्याहून जितका जास्त उतरला, तितका नमुन्याने गिळला. पण दाब उतरायला नमुनाच कशाला हवा? फिटिंगमधून गळालेला वायूही यंत्राच्या हिशेबात "शोषलेला"च ठरतो. खरा नमुना पोट भरलं की थांबतो, आलेख आडवा होतो. गळती कधी थांबत नाही. माझा आलेख सुरुवातीला झपकन वर जाऊन नंतर हळूहळू, अगदी शिस्तीत चढतच होता. शिवाय परत सोडताना त्याच नमुन्याने दिले होते ६.८. दहा बारला (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) गळणारं फिटिंग कमी दाबाला जवळजवळ गप्प होतं, म्हणून सोडतानाचा आकडा खरा होता. घेतला ९.१, दिला ६.८, आणि मधल्याचं काय झालं हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं.

गळतीच हवी असं नाही, खोलीचा एसी पुरतो. माझा नमुना २०० मिलिग्रॅम, यंत्राचं आकारमान अर्धा लिटर, दाब दहा बार. पूर्ण भरलेला नमुना एकूण दाब जेमतेम ०.३६ बारने खाली आणतो. खोलीचं तापमान एका अंशाने उतरलं तर दाब ०.०३ बारने आपोआप उतरतो. म्हणजे एका अंशात अर्ध्या टक्क्याहून जास्त खोटा हायड्रोजन! त्यानंतर मी प्रत्येक मोजणीआधी रिकाम्या नळीवर हेलियम लावून रात्रभर दाब बघायला लागले. लोक मला वहमी म्हणायचे.

या खड्ड्यात पडणारी मी एकटी नव्हते, हे कळल्यावर थोडं बरं वाटलं. १९९८ साली ग्राफाइटच्या नॅनोफायबरमध्ये वजनाच्या साठ टक्क्यांहून जास्त हायड्रोजन मावतो असा पेपर आला होता. जगभरच्या प्रयोगशाळा कामाला लागल्या आणि कुणालाही तो आकडा पुन्हा मिळाला नाही. सच्छिद्र कार्बन हायड्रोजन धरतो खरा, पण नुसता अंगाला लावून घेतो. द्रव नायट्रोजनच्या थंडीत, म्हणजे उणे १९६ अंशांना, काही टक्के. खोलीच्या तापमानाला एक टक्कासुद्धा मुश्किलीने.

मॅग्नेशियमचं तसं नाही. तिथे रेणू पृष्ठभागावर फुटतो, त्याचे दोन अणू सुटे होऊन धातूच्या आत शिरतात आणि धातूची रचनाच बदलून जाते. लवचीक राखाडी धातूचं ठिसूळ हायड्राइड होतं आणि आकारमान तीसेक टक्क्यांनी फुगतं. त्या एका लिटर हायड्राइडमध्ये साधारण ११० ग्रॅम हायड्रोजन असतो. द्रव हायड्रोजन उणे २५३ अंशांना ठेवला तरी लिटरला ७१ ग्रॅमच. ७०० बारच्या टाकीत ४०च्या आसपास. द्रवापेक्षाही दाट हायड्रोजन एका पुडीत, आणि ती पूड सीलबंद नळीत टेबलावर नुसती पडून आहे, ही गोष्ट मला आजही पुरती पचलेली नाही.

पण पडूनच राहते ना ती. हायड्रोजन बाहेर काढायचा तर तापवायला लागते, आणि नमनालाच घडाभर तेल जातं. मॅग्नेशियम हायड्राइडमधून एक मोल, म्हणजे दोन ग्रॅम, हायड्रोजन सोडवायला सुमारे ७५ किलोज्यूल उष्णता लागते. तोच एक मोल जाळला तर (पाण्याची वाफ होते असं धरून) मिळतात २४२. मिळणाऱ्या ऊर्जेचा जवळजवळ एक तृतीयांश भाग नुसतं दार उघडण्यात गेला. आणि ही उष्णता कोमट असून चालत नाही. हायड्राइडवरचा हायड्रोजनचा दाब एक बारपर्यंत चढायला २८०-३०० अंश लागतात. गाडीतला नेहमीचा इंधनघट (हायड्रोजनपासून वीज करणारं यंत्र) चालतो ८० अंशांच्या आसपास. त्याची वाया जाणारी उष्णता वापरू म्हटलं, तर ती या दारापर्यंत पोचतच नाही.

उलट दिशेनेही तेच. जेवढी उष्णता सोडवायला लागते, तेवढीच भरताना बाहेर पडते. गाडीत पाच किलो हायड्रोजन पाच मिनिटांत भरायचा म्हटलं, तर मॅग्नेशियमच्या टाकीतून सहाशे किलोवॅटहून जास्त उष्णता काढून घ्यावी लागेल. खोली तापवायचे दोन किलोवॅटचे तीनशे हीटर एका टाकीत एकदम लावल्यासारखं. काढली नाही तर पूड तापते, तापली की वरचा समतोल दाब (ज्याला घेणं आणि सोडणं बरोबरीत असतं तो) वाढतो आणि भरणं आपोआप थांबतं.

म्हणून मी म्हणते, किती मावतो हे नंतर विचारा. आधी विचारा, किती उष्णतेत सोडतो? लँथॅनम आणि निकेलचा मिश्रधातू खोलीच्या तापमानालाच हायड्रोजन घेतो आणि देतो, मोलला तीसेक किलोज्यूलमध्ये. अगदी सभ्य स्वभाव. पण मावतो १.४ टक्के. पाच किलो हायड्रोजनसाठी साडेतीनशे किलो पूड वाहायची. मॅग्नेशियमला तेवढ्यासाठी ६६ किलो पुरतात. पाणबुडीला वजनाची अडचण नसते. जर्मनीच्या २१२ प्रकारच्या पाणबुड्यांत धातूंच्या हायड्राइडमध्ये हायड्रोजन साठवून इंधनघट चालवतात. गाडीला ते परवडत नाही.

आता माझी जुनी तक्रार. आमच्या क्षेत्रात "कॉम्पोझिट", म्हणजे मिश्र पदार्थ, हा शब्द फार सैल वापरतात. मॅग्नेशियम हायड्राइडमध्ये चिमूटभर काहीतरी घालायचं, दळायचं, तापवत न्यायचं आणि आलेखावरचं हायड्रोजन सुटण्याचं शिखर १०० अंशांनी अलीकडे आलं की जाहीर करायचं: "हायड्रोजन सुटण्याचं तापमान १०० अंशांनी उतरवलं." माझ्या पहिल्या पोस्टरवरही असंच वाक्य होतं. नुसतं हायड्राइड मिनिटाला दहा अंशांनी तापवलं तर ४००च्या पुढे सोडायचं, दळलेलं ३००च्या आतबाहेर. सरांनी पोस्टरसमोर उभं राहून एवढंच विचारलं, "वेग वाढलाय की किंमत उतरलीये?"

किंमत म्हणजे सोडवायला लागणारी उष्णता. फरक असा. विहीर खोल आहे, रहाट गंजलेला आहे. रहाटाला वंगण घातलं की तो कुरकुरत नाही, बादली लवकर येते. म्हणून पाण्याची पातळी वर येत नाही. बादलीला तेवढंच अंतर चढायचं असतं. नायोबियम ऑक्साइड हे वंगण. शुद्ध मॅग्नेशियमला हायड्रोजनचा रेणू फोडायला जड जातं. त्यात वर ऑक्साइडची साय असते, आणि भरताना बाहेरून हायड्राइडचं कवच झालं की आतल्या गाभ्याकडे अणूंची वाट अडते. दळल्यामुळे कण लहान होतात, वाटा आखूड होतात आणि ऑक्साइडमुळे रेणू फुटायच्या जागा मिळतात. २००३च्या सुमाराला गेस्टाख्टच्या जर्मन गटाने दाखवलं, की अगदी थोड्या नायोबियम ऑक्साइडने ३०० अंशांना हे सगळं काही मिनिटांत उरकतं. फार मोठं काम होतं ते. पण ७५ किलोज्यूल तसेच राहिले. समतोल दाबाची रेघ मोजा, ती वंगणाआधी होती तिथेच सापडते. पोस्टरवरचं वाक्य मी पेनाने खोडलं. छापील पोस्टरवर खाडाखोड फार वाईट दिसते.

सोडियम ॲल्युमिनियम हायड्राइडची गोष्ट मात्र वंगणाच्याच बाजूने बोलते. पदार्थ जुनाच, पण एकदा हायड्रोजन सोडला की सहजासहजी परत घेत नाही म्हणून साठवणुकीच्या यादीतून बाहेर. १९९७ साली बोगदानोविच आणि श्विकार्डी यांनी त्यात थोडं टायटॅनियम घातलं आणि तो सोसवेल अशा तापमान-दाबाला परत भरायला लागला. तिथे किंमत मुळातच वाजवी होती, दार तेवढं गंजलेलं होतं. टायटॅनियमचा अणू तिथे नेमकं काय करतो यावर नंतर किती पेपर आले, मोजायच्या भानगडीत मी पडले नाही. कागदावर त्यातून ५.६ टक्के निघतात, तेही दोन टप्प्यांत.

मग किंमत उतरवायची कशी? दोराच्या दुसऱ्या टोकाला वजन बांधून. ते खाली जाताना बादली वर ओढतं. हे खरं कॉम्पोझिट, आणि याच्यासाठी मी पुढची तीन वर्षं घातली.

लिथियम बोरोहायड्राइड हे नावापुरतं सोनं: १८.५ टक्के हायड्रोजन. पण ४०० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय नीट सोडत नाही, आणि सोडल्यावर जो बोरॉन उरतो तो इतका सुस्त, की त्याला परत हायड्रोजन घ्यायला लावणं म्हणजे दगडाला घाम फोडणं. २००५ साली वाजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात मॅग्नेशियम हायड्राइड मिसळलं. दोन भाग बोरोहायड्राइडला एक भाग मॅग्नेशियमचं. तापवल्यावर दोघंही हायड्रोजन सोडतात, पण सुटा झालेला बोरॉन मोकळा राहत नाही, मॅग्नेशियमशी जोडला जाऊन मॅग्नेशियम डायबोराइड बनतो. ते बनताना जी उष्णता सुटते ती हायड्रोजन सोडवायच्या बिलातून वजा होते. मोलला सुमारे २५ किलोज्यूल कमी. तरीही या जोडीत अकरा टक्क्यांहून जास्त हायड्रोजन असतो. शिवाय डायबोराइडमधला बोरॉन सुट्या बोरॉनसारखा रुसून बसत नाही, परत भरता येतो.

दोन्ही बाजूंचे भाव बदलतात, हे ध्यानात ठेवायला हवं. सोडताना कमी उष्णता लागते, तशी भरताना कमी निघते, म्हणजे थंड करायचा तापही कमी. मात्र त्याच तापमानाला भरायचं तर दाब जास्त द्यावा लागतो, कारण खाली गेलेलं वजन आता उचलायचंय.

कागदावर एक बारसाठी सव्वादोनशे अंश पुरायला हवेत. भट्टीत मात्र मी ४००च्या आसपासच घुटमळत होते. ३५०ला मॅग्नेशियमचा हायड्रोजन निघायचा, पहिली पायरी, आलेख सुरेख. मग काही नाही. एक तास, दोन तास, रेघ आडवी. पहिल्यांदा मी भट्टी बंद करून घरी गेले. नमुना मेला असं वाटलं होतं. मेला नव्हता, डायबोराइडचे पहिले स्फटिक रुजायला वेळ लागतो, तोवर दुसरी पायरी सुरूच होत नाही. पुढच्या वेळी रात्रभर थांबले, तेव्हा पहाटे कधीतरी रेघ वळली.

आणि मग माझा अतिशहाणपणा. हायड्रोजन लवकर निघावा म्हणून मी नमुन्यावर निर्वात लावला. बाहेर दाबच नाही म्हटल्यावर आतला झटक्यात येईल, कुणीही असंच म्हणेल. आलाही. पहिल्यांदा सोडतानाचे आकडे इतके छान होते, की मी (गळती तपासून!) सरांना मेल केला. पण परत भरायला घेतला तर नमुना निम्म्याच्या आतच अडला. तिसऱ्या फेरीत आणखी कमी. घाईत काय झालं होतं? निर्वातात बोरोहायड्राइड आपलं आपणच फुटलं, मॅग्नेशियमची वाट न बघता. बोरॉन सुटा पडला, काही बारा-बारा बोरॉनच्या पिंजऱ्यांत अडकला, आणि हे पिंजरे म्हणजे पक्के तुरुंग. दोराला वजन बांधलं खरं, पण ते बांधायच्या आधीच बादली ओढून मोकळी झाले होते.

उपाय उफराटा आहे. हायड्रोजन सोडवायचा असताना नमुन्यावर हायड्रोजनचाच थोडा दाब ठेवायचा, तीन ते पाच बार. तेवढ्या दाबाखाली बोरोहायड्राइडला एकट्याने फुटणं जमत नाही; मॅग्नेशियमला सोबत घेतलं तरच सुटका. वेळ जास्त लागतो, पण डायबोराइड होतं आणि पुढची फेरी हाती लागते. सरांचं उत्तर दोन ओळींचं होतं. पहिली ओळ दाबाचा आकडा. दुसरी: "तुला एवढी घाई कसली?"

वंगण एक, वजन दोन. तिसऱ्या, उष्णतेला वाट देणाऱ्या कॉम्पोझिटला कुणी पुरस्कार देत नाही, पण टाकी बांधायला बसलं की तेच आठवतं. २०० मिलिग्रॅमवर जे जमतं ते दोन किलोवर जमेलच असं नाही. धातूची पूड उष्णता वाहून न्यायला अगदी मठ्ठ असते, कणांमध्ये सगळी पोकळी. कडेची पूड तापून हायड्रोजन सोडून बसते आणि मधल्या पुडीला पत्ता नसतो. वर दर फेरीला ती फुगते, आकसते, बारीक होऊन तळाशी घट्ट बसते आणि पुढच्या फुगवट्यात नळीच्या भिंतीवर जोर देते. म्हणून फुलवलेलं ग्राफाइट मिसळून वड्या दाबतात. ग्राफाइटचे पापुद्रे वडीत आडवे बसतात आणि उष्णतेला कडेपर्यंत वाट करून देतात. हायड्रोजन साठवत नाही, वजन तेवढं वाढवतं. टक्केवारीच्या तक्त्यात नुकसान, टाकीत फायदा. तक्ते पुडीचे असतात, टाकी पुडीची नसते: भिंती, नळ्या, झडपा, तापवायची सोय, सगळं वजनात धरलं की साताचे तीन-चार झाले तरी मला नवल वाटत नाही.

अमोनिया बोरेन या आणखी एका घन पदार्थाबद्दल विचारणारे असतात, म्हणून एवढंच. १९.६ टक्के, शंभराच्या थोडं पुढे गेलं की सुटायला लागतो, ऐकायला स्वप्नच. पण तो सोडताना उष्णता घेत नाही, उलट देतो. म्हणजे उतारावरून घरंगळणारा दगड. दाब देऊन त्याला परत वर चढवता येत नाही. उरलेला चोथा रसायनशाळेत नेऊन पुन्हा घडवावा लागतो. शिवाय सोबत अमोनिया येतो, जो इंधनघटाला विष. एकदाच वापरायच्या कामाला ठीक.

मग मॅग्नेशियमचं काय करायचं? मी गाडीचा नाद सोडून बराच काळ झाला. जे जागचं हलणार नाही, वजनाचा प्रश्न नाही आणि जिथे ३०० अंशांच्या वरची उष्णता तशीही वाया जाते, तिथे मला त्यात अजून रस आहे. घन ऑक्साइडचा इंधनघट ७००-८०० अंशांना चालतो. त्याच्या धुराड्याजवळ मॅग्नेशियमची टाकी ठेवली तर ते ७५ किलोज्यूल त्याच्याच फेकल्या जाणाऱ्या उष्णतेतून भागवता येतात. विहीर तेवढीच खोल, पण बैल फुकटचा.

९.१च्या पुढच्या पानावर त्याच नमुन्याची दुरुस्त नोंद आहे, फिटिंग बदलल्यानंतरची. घेतला ६.९, दिला ६.८. अधोरेखित केलेली नाही.